दोन शपथा आणि क्रँकचा सेन्सर

सोमवारी संध्याकाळी गार्गीनं मला पहिली शपथ घातली आणि मंगळवारी सकाळी तिच्या बाबांनी दुसरी. दोघांचाही एकच हिशोब, की हिच्या पोटात गोष्ट राहते. राहते हो, का नाही राहणार! पुण्यात सत्तावीस वर्षं प्रसूतिगृहाची मेट्रन होते मी. कुणाकुणाचं काय काय पोटात ठेवलंय त्याला गणती नाही. पण या दोन गोष्टी एकाच वेळी पोटात आल्या आणि मला घास गिळवेना.

आधी माणसं सांगते. गार्गी ही माझी एकुलती एक मुलगी. राहते टौरंगाला, नोकरी हॅमिल्टनला. आधी सगळे हॅमिल्टनलाच राहायचे, मागच्या वर्षी इथे घर घेतलं. मधे काइमाईचा घाट. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती सकाळी घाट ओलांडून जाते आणि संध्याकाळी ओलांडून येते. जावई शंतनु वेलिंग्टनला सरकारी खात्यात. तो शुक्रवारी विमानानं उगवतो आणि सोमवारी मावळतो. नात अनुया सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी. आणि माझे यजमान, रवींद्र. समोर मी त्यांना नावानं हाक मारत नाही, पण गोष्ट सांगताना सारखं ‘हे, हे’ केलं की कोण हे तेच कळत नाही, म्हणून रवींद्र म्हणते. त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढली. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसलाय, पण ऐट जशीच्या तशी.

आणि पाचवी ती गाडी. जपानहून सेकंडहँड आलेली, अनुयापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी. चालू केली की आतली बाई जपानीत काहीतरी सांगते, आणि रवींद्र तिला रोज न चुकता “बरं बाई” म्हणतात.

आम्ही फेब्रुवारीत आलो तेव्हाच त्या गाडीत इंजिनचा पिवळा लाइट लागत होता. रवींद्रना काय, आयतंच काम मिळालं. इथे ना भाजी आणायला जायचं, ना कुणाशी कट्ट्यावर भांडायचं. माणूस नुसता खिडकीतून कचऱ्याची गाडी बघत बसायचा. त्यांनी अंगठ्याएवढी एक डबी मागवली. ती स्टिअरिंगखाली खोचली की गाडीला काय होतंय त्याचा नंबर मोबाइलवर येतो. नंबर आला, पी शून्य तीन तीन पाच. म्हणजे क्रँकचा सेन्सर. इंजिनचा मुख्य दांडा फिरताना नेमका कुठे आहे ते हा सेन्सर कळवतो, आणि ते कळलं की मग पेट्रोल कधी सोडायचं ते गाडी ठरवते. रवींद्रनी ड्राइव्हवेवर झोपून सेन्सर बदलला. लाइट गेला. गुढीपाडव्याला महाराष्ट्र मंडळात गार्गी भेटेल त्याला सांगत सुटली, “माझ्या बाबांनी केलं, घरच्या घरी!” रवींद्रांची छाती अशी फुगली होती की मला त्या स्टेंटचीच काळजी वाटली.

आता सोमवारचं सांगते. मी पोळ्या लाटत होते. गार्गी ऑफिसातून आली, पर्स खाली न ठेवता माझ्याशेजारी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “आई, आज गाडी घाटात बंद पडली.”

“बंद म्हणजे?”

“बंद म्हणजे बंद. चढावर. सगळे लाइट एकदम लागले, स्टिअरिंग जड झालं. मी कशीबशी कडेला घेतली. मागच्या ट्रकनं असा हॉर्न मारला ना...” ती हसायला गेली, जमलं नाही. “दहा मिनिटांनी चालू झाली. तिसरी वेळ आहे.”

“तिसरी? आणि तू मला आत्ता सांगतेस? अहो! ऐकलंत का?”

तिनं माझं मनगट धरलं. “बाबांना नको. प्लीज. त्यांनी एवढं मन लावून केलंय, आणि त्यांचं हार्ट. ते रात्रभर झोपणार नाहीत, मला गाडी नेऊ देणार नाहीत. नव्या नोकरीतली माझी नव्वद दिवसांची ट्रायल अजून एकोणीस दिवस आहे आई, मला एकही दिवस बुडवता येणार नाही. मी बाबांना एवढंच सांगते की जरा झटका देते, बघा. ते बघतील. तुला माझी शपथ आहे, बंद पडते हे सांगायचं नाही.”

मला राग पटकन येतो. भीती वाटली की आणखी पटकन येतो. मी लाटणं आपटलं, तिला अक्कल आहे का म्हणून विचारलं. पण शपथ तिनं घातली होती ती घातली होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई आणि शपथेला घाबरते. घाबरते. माझा धाकटा भाऊ सुशील, त्यानं नोकरी सोडली होती. “आईला सांगू नकोस ताई, माझी शपथ आहे” म्हणाला. मी सांगितलं. आई त्याला नको ते बोलली, तो रागानं स्कूटर काढून गेला आणि कात्रजच्या पुढे गेला तो गेलाच. हेल्मेट नव्हतं म्हणून गेला, शपथ मोडली म्हणून नाही. हे मी चाळीस वर्षं स्वतःला सांगतेय. सांगतेय, पण त्यानंतर कुणाची शपथ मोडली नाही.

मंगळवारी गार्गी घरूनच काम करते. तिनं सकाळी बाबांना सांगितलं, “गाडी जरा झटका देते, बघता का?” आणि मीटिंगला बसली. रवींद्र खूश. दोन तास बॉनेटमध्ये डोकं घालून बसले. सेन्सरच्या वायरीला जोडणारी प्लॅस्टिकची खोबण साफ केली, नवी क्लिप बसवली. मी चहा घेऊन गेले तर इकडेतिकडे बघून मला म्हणाले, “सुलभा, तुला म्हणून सांगतो. लाइट गेलेला नाहीये.”

“म्हणजे? दिसत तर नाही.”

“मी पुसतो. रोज सकाळी ती उठायच्या आत डबी लावतो, नंबर पुसून टाकतो. ती गाडीत बसते तेव्हा लाइट नसतो. दोन-तीन दिवसांनी परत येतो, मी परत पुसतो.”

“गेले किती दिवस?”

“पाडव्यापासून.” ते चहात बघत राहिले. “अगं, काय तोंडानं सांगू तिला? सगळ्या मंडळात सांगून आलीय ती. आणि नुसता लाइट आहे. गाडी बंद पडत असती तर गोष्ट वेगळी होती. बंद पडते का? नाही ना. मी शोधून काढतो, तोवर तिला उगाच घोर नको. तुला माझी शपथ आहे, बोलायचं नाही.”

माझ्या हातातली बशी कपासकट खाली गेली. रवींद्र म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “घसरली.”

कळतंय ना तुम्हाला? बाबांनी दुरुस्त केली म्हणून लेक बिनधास्त गाडी नेतेय, कारण लाइट दिसत नाही. आणि लेक काही बोलत नाही म्हणून बाप बिनधास्त लाइट पुसतोय. मधे मी. दोघांची अर्धी अर्धी गोष्ट माझ्याकडे, आणि दोघांचा जीव माझ्या जिभेवर. सांगावं तर सुशीलचा चेहरा दिसतो, न सांगावं तर घाटातला ट्रक दिसतो. संध्याकाळपर्यंत मी तीनदा भाजीत मीठ घातलं.

मग मी आपली एक युक्ती काढली. रात्रीच्या जेवणाआधी रवींद्र पेपर वाचत होते, म्हणजे मोबाइलवर. मी भाजी निवडता निवडता म्हटलं, “अहो, एखादी गाडी चढावरच बंद पडत असेल, तर काय झालं असेल?”

“कुणाची?”

“शेजारच्या हानाची.” हाना आमची शेजारीण, माओरी, साठीची, किवीफ्रूट पेट्यांत भरायच्या पॅकहाउसमध्ये रात्रपाळी करते. तिच्या धडधाकट गाडीवर मी खुशाल आळ घातला. “आपल्यासारखाच सेन्सरचा नंबर आलाय म्हणे.”

रवींद्रनी मोबाइल खाली ठेवला. “आणि बंद पडते? परत चालू होते?”

“दहा मिनिटांनी.”

“मग तो सेन्सर गरम होऊन झोपतोय. गार झाला की उठतो.” त्यांना हुरूप आला. “अगं, क्रँकचा सेन्सर गेला की इंजिनला काही कळतच नाही, ते तिथल्या तिथे मरतं. मग स्टिअरिंग दगड. ब्रेक दोनदा लागतो, तिसऱ्यांदा पाय दाबून दाबून मेलं तरी लागत नाही. सपाटीवर ठीक आहे. चढावर, वळणावर, मागून लाकडांचा ट्रक येत असेल तर संपलं. तिला सांग, गाडी उद्यापासून हलवायची नाही. मरेल ती बाई.”

आणि परत पेपर वाचायला लागले.

मी भाजीची परात मांडीवर धरून तशीच बसले. मला ओरडायचं होतं, अहो ती हाना नाही हो, आपली पोर आहे! तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात रवींद्रनी छाती चोळली. रोजच चोळतात, जेवणाआधी. पण मला त्यांचा स्टेंट आणि गार्गीची शपथ दोन्ही एकदम आठवलं आणि माझं तोंड मिटलं. म्हटलं, आज त्यांनी नवी क्लिप बसवलीय. कदाचित खरंच बरी झाली असेल. उद्याचा एक दिवस बघू. असं म्हटलं मी, देवासमोर हात जोडून. याची मला अजून लाज वाटते.

बुधवारी मी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा सात वाजून गेले होते. घर शांत. अनुयाच्या खोलीत डोकावले तर अंथरूण रिकामं. ओट्यावर गार्गीची चिठ्ठी, ‘शाळेला सुट्टीच आहे तर अनुयाला हॅमिल्टनला तिच्या जुन्या मैत्रिणीकडे सोडते, पोहायला जाणार आहेत. तिचे पोहायचे टॉग्ज घेतलेत. बाबा म्हणाले गाडी ठणठणीत आहे.’

रवींद्र मागच्या दारातून आत आले, हात पुसत. म्हणाले, “सहा वाजता बघितला, परत आला होता लाइट. पुसला. म्हणजे क्लिपचा दोष नाही, दुसरंच काहीतरी...”

“अनुया गाडीत आहे,” मी म्हटलं.

“हो, दोघी गेल्या आत्ता, पाच मिनिटं झाली. टाटा केला मला.”

त्या क्षणी माझ्या डोक्यातून सुशील, शपथ, स्टेंट, सगळं पुसून गेलं. मी त्यांचे दोन्ही दंड धरले. “अहो, हानाची नाही. गार्गीची गाडी बंद पडते. घाटात. तीनदा पडलीय. सोमवारी पडली. तिनं शपथ घातली होती तुम्हाला सांगू नको म्हणून.”

 रवींद्र इतक्या जोरात ओरडले की त्यांचा आवाज फाटला. “दोन दिवस! दोन दिवस तुला माहीत आहे आणि तू मला हानाची गाडी सांगतेस?”

“आणि तुम्ही? महिनाभर लाइट पुसताय! पोरीला वाटतंय गाडी बरी झाली! तिला कळणार कसं?”

ते एकदम खाली बसले, दाराच्या पायरीवर. “तो लाइट तिला सांगत होता गं,” म्हणाले. “मीच त्याचं तोंड दाबलं.” चौतीस वर्षं बसचे ब्रेक तपासलेला माणूस, बसल्या बसल्याच हत्यारांची पिशवी भरायला लागला.

मी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. गार्गी गाडी चालवताना फोन पर्समध्ये ठेवते, आवाज बंद करून. मीच शिकवलंय तिला. सहाव्यांदा लावला तेव्हा बाई म्हणाली, संपर्क होऊ शकत नाही. म्हणजे घाटाच्या पायथ्याची झाडी लागली होती.

मी ओल्या केसांनी, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, अडकवून हानाकडे धावले. ती रात्रपाळीहून नुकतीच आली होती, अंगावर पॅकहाउसचं केशरी जाकीट तसंच. “किआ ओरा डार्लिंग,” तिनं माओरीत नमस्कार केला, आणि माझा चेहरा बघून मला हाताला धरून आत घेतलं. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, डॉटर, ग्रँडडॉटर, कार स्टॉप ऑन काइमाई. तिनं चावी उचलली. “गेट इन. बोथ ऑफ यू.”

त्या प्रवासाचं मी काय सांगू. एप्रिल महिना, किवीफ्रूटचा हंगाम. पेट्यांनी भरलेल्या ट्रकांमागे ट्रक. सपाटीवर ऊन होतं, पण घाट सुरू झाला तसं धुकं उतरायला लागलं. रवींद्र पुढे बसले होते, मांडीवर हत्यारांची पिशवी आणि पाण्याची बाटली. गार्गी पुढे असेल, वर पोचली असेल, पलीकडे उतरली असेल, असं मी मोठ्यानं म्हणत होते.  मला प्रसूतिगृहातल्या बाया आठवत होत्या. रक्त जातंय हे दोन दोन दिवस लपवणाऱ्या, सासूला घोर नको म्हणून. केवढी खेकसायचे मी त्यांच्यावर! “लपवून काय मिळवलंस?” म्हणायचे. आता मला कोण विचारणार होतं?

तिसऱ्या वळणानंतर समोरचा ट्रक थांबला. त्याच्या पुढचा थांबला होता. त्याच्याही पुढे लाल दिव्यांची रांग धुक्यात शिरलेली.

हाना हळूच म्हणाली, “ओह नो.”

तेवढं ऐकलं आणि रवींद्र दार उघडून उतरले. चढावर धावायला लागले. अडुसष्टचा माणूस, स्टेंटवाला, हातात पिशवी. “अहो, थांबा!” म्हणत मी मागे. एक जँडल कुठेतरी निसटली. ट्रकांची इंजिनं घुरघुरत होती, कुणीतरी खिडकीतून ओरडलं, मला काही ऐकू येत नव्हतं. देवा, माझी पोर. देवा, माझी पोर. एवढंच. दुसरं काही आठवत नव्हतं, देवाचं नावसुद्धा नाही.

रांगेच्या तोंडाशी लाकडांचा भला मोठा ट्रक आडवा थांबला होता, सगळे दिवे लुकलुकत. त्याच्या पुढे आमची गाडी. ट्रकचं नाक आणि गाडीची मागची काच, मधे हातभर जागा. हातभर. आणि त्या काचेतून अनुयाची पोनी टेल दिसत होती.

ती हलली.

मग मला गार्गी दिसली. रस्त्याच्या कडेला उभी, ट्रकवाल्याचं जाकीट अंगावर. दोघी धड होत्या. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. ट्रकवाला दाढीवाला तरुण होता, तोच जास्त पांढरा पडला होता. तो मला सारखं सांगत होता, “आय सॉ द किड, आय सॉ द किड.”

मी गार्गीला आधी मिठी मारली आणि मग थोबाडीत मारली. होय, मारली. पस्तीस वर्षांच्या बाईला, भर रस्त्यात. ती रडायला लागली, मीही.

ट्रकवाल्यानं आणि मागून पोचलेल्या हानानं गाडी ढकलून कडेच्या खडीच्या पट्ट्यावर घेतली. ट्रकवाल्यानं आपला ट्रकही कडेला घेतला, मागचे ट्रक हळूहळू पुढे निघाले. आम्ही सगळे कठड्यापलीकडे, गवतात. रवींद्र मात्र तिथल्या तिथे बॉनेट उघडून उभे.

“बाबा, सोडा ना आता. टो करून नेऊ,” गार्गी म्हणाली.

“किती वेळा बंद पडली?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“ही चौथी. दर वेळी इथेच, घाटात.”

“गरम झाल्यावरच. म्हणजे नवा सेन्सरसुद्धा गरम होऊन झोपतोय.” त्यांनी बाटलीतलं पाणी सेन्सरवर ओतलं. चावी फिरवून बघितली, गाडी चालू झाली. “बघ. गार झाला. खोटा माल दिला मला.”

“नो, आजोबा.”

अनुया माझ्या साडीला धरून उभी होती. आवाज इतका बारीक की मला वाटलं भास झाला.

“इट्स नॉट फोर. इट्स सिक्स. टू टाइम्स विथ मी. ऑन द स्कूल हिल.”

गार्गीनं डोळे मिटले.

रवींद्र कठड्याशी आले, तिच्यासमोर वाकले. असे हळू बोलले की जणू ती पाखरू आहे आणि उडून जाईल. “शाळेच्या चढावर? घरून निघाल्यावर लगेच? गाडी गार होती का गं?”

“येस. माय सीट वॉज फ्रीझिंग. इट गोज व्रूम, अँड देन इट जंप्स, अँड देन स्टॉप्स.”

“उडी मारते?”

“लाइक समबडी किक्ड इट.”

रवींद्र ताठ झाले. मी त्यांच्या तोंडावर तो भाव कित्येक वर्षांनी बघितला. “गार असताना बंद पडते. म्हणजे गरमीचा संबंधच नाही. जोर लागला की पडते. गार्गी, आत बस. ब्रेक घट्ट दाबून धर, गिअरमध्ये टाक आणि हळूच रेस कर.”

हाना आपली गाडी वर आणून, मागे लावून, दिवे पेटवून राखण करत होती. गार्गीनं रेस केलं. आणि मला, मला नर्सबाईला, दिसलं ते. अख्खं इंजिन एका बाजूनं उठलं, चांगलं चार बोटं. ते ज्या रबरावर बसतं ते रबर फाटलं होतं. इंजिन उठलं की मागून सेन्सरकडे जाणारी बारीक वायर ताणली जात होती, तंबोऱ्याच्या तारेसारखी. ती ताणली, गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली.

“हे,” रवींद्र म्हणाले. त्यांनी वायर दोन बोटांत धरून वाकवली. वरून शाबूत, आतून तुटलेली. “सेन्सर चांगला आहे. पहिलाही चांगला होता. सपाटीवर, दारात, ती मला कधी दिसलीच नसती. महिनाभर मी दारात शोधत होतो.” त्यांनी गार्गीकडे बघितलं. “तू पहिल्या दिवशी ‘चढावर’ एवढं म्हणाली असतीस ना, तर दहा मिनिटांचं काम होतं. आणि मी लाइट पुसला नसता तर तू गाडी काढली नसतीस. दोघंही गाढव आहोत.”

“तिघं,” मी म्हटलं.

गार्गी बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. ऑफिसला फोन करून येत नाही म्हणाली. ट्रायल गेली तर जाऊ दे म्हणाली. ट्रकवाला हात हलवून निघून गेला. सगळं निवळलं असं मला वाटलं. आता टोवाला येईल, घरी जाऊ, गरम चहा करू.

मग अनुया कुठाय म्हणून बघितलं. ती गवतात खाली बसली होती, दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून. आधी मला वाटलं हिला उलटी होतेय. मी जवळ जाऊन हात बाजूला केले. ओठ पांढरे पडले होते.

“काय झालं बाळा? दुखतंय?”

“आजी,” ती कुजबुजली, “इज ममा गोइंग टू डाय नाउ?”

“अगं नाही! ट्रक थांबला ना. ममा छान आहे, ती बघ.”

“नॉट द ट्रक.” ती स्फुंदायला लागली. “आय टोल्ड. शी सेड, माझी शपथ, डोंट टेल आजी-आजोबा. अँड आय टोल्ड. इफ यू ब्रेक शपथ, दॅट पर्सन डाइज.”

“असं कुणी सांगितलं तुला?”

तिनं माझ्याकडे बघितलं. “यू सेड.”

मी म्हटलं होतं. मार्चमध्ये कधीतरी. ती मंडळातल्या कुठल्याशा पोराकडून ‘आईशप्पथ’ शिकून आली होती, येता-जाता आईशप्पथ, आईशप्पथ. मी दटावलं होतं, की अशी शपथ घ्यायची नाही, मोडली तर आई मरते. अगदी सहज. माझ्या आईनं मला दटावलं होतं तसंच. आणि या लेकरानं ते पोटात ठेवलं, आणि मग तिच्याच आईनं तिला शाळेच्या चढावर शपथ घातली. किती दिवस ही बंद पडणाऱ्या गाडीत तोंड मिटून बसत होती, आई मरू नये म्हणून? एवढीशी पोर. मी तर सदुसष्टची आहे, मला दोन दिवस झेपलं नाही.

गार्गी माझ्या मागेच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. 

मी खडीवर गुडघे टेकले. “अनुया, इकडे बघ. आजी खोटं बोलली होती. सांगितलं म्हणून कुणी मरत नाही. कधीच नाही. तू सांगितलंस म्हणून ममा वाचली.”  चाळीस वर्षांत हे वाक्य मी कुणासमोर मोठ्यानं बोलले नव्हते.

“आर यू शुअर?”

“शुअर.”

तिनं मान हलवली. हानाच्या गाडीत मागच्या सीटवर ती गार्गीला चिकटून बसली, मी पलीकडे. घाट उतरताना ऊन आलं, हानानं हीटर लावला, गार्गीला थकून डुलकी लागली. मला वाटलं, अनुयाही झोपली असेल. बघितलं तर जागी होती. टौरंगा येईपर्यंत ती दर थोड्या वेळानं मान वर करत होती आणि आईच्या नाकापाशी बोट धरून बघत होती.